बुधवारपर्यंत थांबलेलं गाव

यंदा पळस लवकर फुलला आणि त्याच्या पाठोपाठ निवडणूकही लागली. आदिलाबादला आमच्या घरापुढून सकाळपासून रिक्षा फिरायला लागतात. एका भोंग्यातून तेलुगु, दुसऱ्यातून मराठी, आणि दोन्ही एकाच वेळी चौकात आले की कुणाचंच धड ऐकू येत नाही. मला मात्र हा गलका आवडतो. निवृत्त शिक्षिकेला घरातली शांतता फार सोसत नाही, आणि मी काही गप्प बसणारी बाई नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

परवा शेजारची सून धावत आली. हातात फोन, चेहरा उतरलेला. “मॅडम, हे बघा काय आलं! आपल्या वॉर्डातल्या बायांची नावं यादीतून कापली म्हणे. मग आता जायचंच नाही का मत द्यायला?” मी म्हटलं, “कोण म्हणालं?” तर म्हणे, “फोनवर आलंय ना!” कुणी पाठवलं, तिला ठाऊक नव्हतं. जिने पाठवलं तिलाही ठाऊक नसणार. मी चष्मा लावून वाचलं. वर सिंहाचा शिक्का होता, खाली लाल अक्षरं होती आणि सही कुणाचीच नव्हती. मला हसूच आलं. ती बिचारी गोंधळली, म्हणाली, “हसता काय मॅडम?” आता तिला काय सांगू, की हा कागद मी पूर्वी पाहिलाय! फोन नव्हते तेव्हा पाहिलाय, भिंतीवर खळीनं चिकटवलेला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव बेला या मोठ्या गावाच्या अंगाला, पैनगंगेपासून हाकेच्या अंतरावर. नदीच्या पल्याड महाराष्ट्र, अल्याड तेलुगु राज्यात आम्ही. घरात मराठी, शेतात मराठी, भांडणात तर मराठीच. आणि कचेरीचा कागद मात्र तेलुगु. त्याच्या आधी म्हणे उर्दू होता. म्हणजे आमच्या गावाला सरकारचा कागद वाचता येईल अशी वेळ कधी आलीच नव्हती. कागद आला की लोक तो उलटा-सुलटा करून बघायचे, गोल शिक्का शोधायचे, शिक्का सापडला की मान डोलवायचे. शिक्का असला की खरं. जितकं वाचता येत नाही तितकं जास्त खरं, असा काहीतरी हिशेब होता आमचा.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. कापसाची शेवटची वेचणी चाललेली. पऱ्हाट्या वाळून करकरीत झालेल्या, बोंडांची टोकं पोटऱ्यांना ओरबाडायची. त्या वेचणीत चांगला कापूस कुठला, नुसती कवडी, म्हणजे बोंडातच अडकून पिवळी पडलेली. ती नखांनी खरवडून काढावी लागे. बांधावर पळस, पलीकडे कापलेल्या ज्वारीची धसकटं, आणि दुपारच्या वाऱ्यात मोहाच्या फुलांचा तो गोडसर, जरा डोकं जड करणारा दरवळ. बायांच्या कमरेला ओटी बांधलेली, ती भरत गेली की सगळ्या जणी एकदम पोटुशा दिसायला लागत. त्यावरून जी थट्टा चाले ती इथं लिहिण्यासारखी नाही.

या टोळीची मुकादमीण म्हणजे माझी माय, पंचफुलाबाई. टोळीत तीसेक बाया, आमच्या बौद्धवाड्यातल्या आणि कुणबाऊतल्या, म्हणजे कुणब्यांच्या आळीतल्याही. कोणती ओळ कुणी धरायची हे माय ठरवायची, आणि तिचा एक दंडक होता. कुणाची ओळ मागं पडली तर पुढं गेलेल्या बाईनं आपली संपवून उलट यायचं आणि तिच्या ओळीला हात लावायचा. सगळ्या सोबत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर पोचायच्या. पाठीमागं एकटी सोडून कुणी पाणी प्यायला जायचं नाही. तिला अक्षर येत नव्हतं. पण टोळीतल्या कुणाच्या घरी काय शिजलं आणि कोण उपाशी आलं, हे ती तोंडाकडे पाहून सांगायची.

त्या वर्षी आमच्या गावच्या सरपंचाची जागा बायांसाठी राखून ठेवली, असं कळलं. झालं! आजवर सरपंच म्हणजे अण्णाजी पाटील, हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. त्यांनी लगेच सुनेचा अर्ज भरला. बिचारी सून माजघरातून ओसरीवर यायला भ्यायची, ती सरपंच होणार होती! इकडे हातपंप वर्षभर मोडून पडलेला, बाया नदीवरून पाणी आणून आणून थकलेल्या. एक दिवस धुऱ्यावर भाकर खाता खाता तुळसामावशी म्हणाली, “पंचफुले, तू काऊन नाई उभी राहत वो?” तुळसामावशी म्हणजे टोळीतली सगळ्यात म्हातारी, तोंडात तीन दात आणि प्रत्येक दाताला वेगळं मत. माय हसली. मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. माय चार दिवस हसत राहिली आणि पाचव्या दिवशी अर्ज भरायला गेली. छत्री चिन्ह मिळालं.

मी तेव्हा मास्तरीणपणाचं शिक्षण संपवून घरी बसले होते, नोकरीच्या हुकमाची वाट पाहत. आदिलाबादच्या वसतिगृहात राहून तेलुगु शिकले होते. शिकले म्हणजे काय, रडत-रडत शिकले. पहिलं वर्ष वर्गात मागं बसून गोल गोल अक्षरं गिरवायची आणि रात्री उशीत तोंड खुपसायचं. पण शिकले. आमच्या गावात तेलुगु वाचता येणारी माणसं आता दोन झाली होती: एक मी, आणि एक दत्तूभाऊ.

दत्तूभाऊ अण्णाजींच्या ओट्यावरचा माणूस. उमेदीच्या काळात कुठंतरी निर्मलकडे लाकडाच्या वखारीत होता, तिथं तेलुगु शिकून आला. तेव्हापासून गावाचे कागद तो वाचायचा. जमिनीच्या पट्ट्याचा कागद असो की रेशनचा, माणसं कागद घेऊन त्याच्या दारात बसत. तो आधी चहा पिणार, मग चष्मा पुसणार, मग कागद डोळ्यांपासून लांब धरून एक ‘हूं’ करणार. त्या ‘हूं’नं माणसाचा जीव अर्धा व्हायचा. खरं सांगायचं तर माणूस गोडबोल्या होता. लहानपणी मला त्यानं चिंचा दिल्यात. पण गावाचे डोळे एकाच्याच तोंडावर लागलेले असले की त्या तोंडाला चव लागते, आणि त्याला ती लागली होती.

मतदान गुरुवारी होतं. आधीच्या शनिवारी मी आदिलाबादला प्रमाणपत्राच्या कामाला गेले होते. संध्याकाळी मोटारीतून उतरून गावात शिरले. दारातल्या बाया माझ्याकडे बघून आत जात होत्या. मला वाटलं, घरी कुणी गेलं की काय! पळतच आले. माय चुलीपुढं बसलेली, भाकर थापत होती. बा बैलांना पाणी दाखवत होता. मी म्हटलं, “काय झालं वो माय?”

“चावडीवर कागद लागला म्हनते,” माय म्हणाली. “माहा अरज बाद झाला म्हनते.”

“कोण म्हनते?”

“दत्तूभाऊ. त्यानं साऱ्या गावाले वाचून दाखोला.”

कागद असा होता म्हणे: पंचफुलाबाईचं नाव पल्याडच्या, तिच्या माहेरच्या यादीत सापडलं. म्हणून अर्ज बाद. आता जो कुणी छत्रीवर शिक्का मारील त्याचं मत बाद, आणि त्याचंही नाव यादीतून कमी. बघा डोकं कसं चाललं होतं! आमच्या गावातल्या निम्म्या सुना नदीपल्याडच्या. प्रत्येकीला एकच प्रश्न पडला. आपलंही नाव माहेरी राहिलं असलं तर? नाव गेलं तर रेशन जाईल, रेशन गेलं तर नवरा काय म्हणेल? एका कागदानं अख्खी टोळी गारठली.

मी तशीच चावडीवर गेले. अजून उजेड होता. कागद होता, खरंच होता, खाली निळा गोल शिक्काही होता. मी वाचला. पुन्हा वाचला. आणि मला इतकं जोरात हसू फुटलं की चावडीवर बसलेली माणसं दचकली. तो जनावरांच्या दवाखान्याचा कागद होता! बुधवारी गावात तोंडखुरीची, म्हणजे लाळ-खुरकताची लस टोचायला डॉक्टर येणार, सगळ्यांनी आपापली गुरं चावडीपुढं आणावीत. बस, एवढंच. त्यात मायचं नाव नव्हतं, छत्री नव्हती, निवडणूक हा शब्दसुद्धा नव्हता. दवाखान्याचा माणूस सकाळी येऊन चिकटवून गेला असणार आणि दत्तूभाऊनं ऐन वेळी त्याचं सोनं केलं.

मी ओरडूनच सांगितलं, “अवो, हा ढोरायच्या सुईचा कागद हाय! तोंडखुरीचा!”

कुणी हसलं नाही. एक म्हातारा बिडी विझवून म्हणाला, “पोरी, तू तं तिचीच पोट्टी. तू असंच वाचशीन.”

अजून आठवलं की अंगाची लाही होते. इतकी वर्षं रडून शिकलेलं तेलुगु, आणि त्याची किंमत एका वाक्यात शून्य! मी चुकीचं वाचत होते म्हणून नव्हे, मी कुणाची होते म्हणून माझं वाचणं खोटं ठरलं. दत्तूभाऊ पलीकडे पानाला चुना लावत होता. तो शांतपणे म्हणाला, “शिकली पोरगी हाय, पन कचेरीतलं तेलुगु येगळं असते, पुस्तकातलं येगळं.” आणि माणसांनी माना डोलवल्या.

आज फोनवरचा तो लाल अक्षरांचा मजकूर पाहताना मला हेच आठवलं. खोटं सांगणारा कधी मोठं खोटं सांगत नाही. तो आपल्या मनात आधीच असलेल्या भीतीवर बोट ठेवतो. बायांना आपलं नाव कुठं आहे याची भीती होती, ती दत्तूभाऊला ठाऊक होती. आताचे दत्तूभाऊ कुठं बसतात, चहा पितात की नाही, चष्मा पुसतात की नाही, काही कळत नाही. आमच्याकडे निदान एक तोंड तरी होतं ज्याच्यापुढं उभं राहून भांडता येत होतं.

त्या संध्याकाळी मी घरी आले ती पेटूनच. दिवेलागणीला वही काढली आणि फर्मास तेलुगुत एक हुकूम लिहिला: अण्णाजींच्या सुनेचा अर्ज बाद, तिच्या चिन्हावर शिक्का मारणाऱ्याला दंड. खाली वाटीच्या बुडाला शाई लावून गोल शिक्कासुद्धा उठवला. काय झकास उठला होता! माझं अक्षर दत्तूभाऊच्या सात पिढ्यांत कुणाचं नसेल. मी मायला वाचून दाखवला आणि म्हटलं, “सकाळी चिकटवतो. वाचू दे त्याले आता!”

मायनं कागद हातात घेतला, दिव्याजवळ धरला, शिक्का बघितला. “चांगला जमला वो,” म्हणाली. आणि चुलीत घातला.

मी किंचाळले. ती म्हणाली, “अवो पोरी, उद्या तू मास्तरीन होशीन. लोकं तुह्याकडं कागद घेऊन येतीन. आज खोटा वाचला, तं तवा कोनत्या तोंडानं खरा वाचशीन?”

“मंग हरायचं का? उगाच नाव बदनाम करून?”

“त्या कागदात बुधवार लिवला हाय म्हनली ना तू?”

“हौ.”

“मंग बुधवार येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी वेचणीला टोळी निम्मीच आली. मायनं कुणाला काही विचारलं नाही. ओळी लावून दिल्या. पाणी प्यायच्या वेळी धुऱ्यावर उभी राहून एवढंच म्हणाली, “बायाहो, मी काई वाचू जानत नाई, तुमी बी नाई. दत्तूभाऊ म्हनते कागद माह्या अरजाचा, माही शीला म्हनते ढोरायच्या डाक्टरचा. दोघंबी आपापल्या घरचे. कोनाचंच आयकू नका. बुधवारी डाक्टर आला तं कागद ढोरायचा. नाई आला तं दत्तूभाऊ खरे, मी घरी बसतो. मी माहे बैल बुधवारी चावडीवर बांधतो, तुमी पाहा.” आणि वाकून कवडी खरवडायला लागली.

हे गावभर झालं. माणसांना गंमत वाटली. चावडीवर, पाणवठ्यावर, जो-तो बुधवारची गोष्ट बोलायला लागला. दत्तूभाऊलाही माघार घेता येईना, तो म्हणाला, “येऊ द्या बुधवार!” आणि तो का नाही म्हणेल? गावात सरकारी डॉक्टर सांगितलेल्या दिवशी आला, असं कुणाच्या आठवणीतच नव्हतं. इथं माझी झोप उडाली. मायनं आपली सगळी अब्रू कशावर लावली होती, तर सरकारी माणूस वेळेवर येण्यावर! खरं असून चालत नाही हो, खऱ्याला वेळेवर पोचावं लागतं.

मंगळवारी मी सायकल काढून बेल्याला गेले. जनावरांच्या दवाखान्यात एक शिपाई खुर्चीवर पाय टाकून पेंगत होता. डॉक्टर कुठं? आदिलाबादला, लस आणि बर्फ आणायला. उद्या येणार का आमच्या गावाला? तो जांभई देत म्हणाला, “रेपु.” रेपु म्हणजे उद्या. मी म्हटलं, “उद्या नक्की का?” तो पुन्हा “रेपु.” कचेऱ्यांमधला हा शब्द किती लांब पसरू शकतो हे मला चांगलं माहीत होतं. मी त्याच्यापुढं हात जोडले, रागावले, शेवटी एका कागदावर गावाचं नाव आणि ‘तप्पकुंडा रावाली’ म्हणजे ‘नक्की यावं’ असं लिहून टेबलावर पेपरवेटखाली ठेवलं आणि परत आले. येताना दोन्ही बाजूंना पळस लालभडक होता, आणि मला एकदाही त्याच्याकडे बघावंसं वाटलं नाही.

बुधवारी सकाळी बानं आमच्या बैलांना, राज्या आणि धोंड्याला, धुतलं, शिंगांना तेल लावलं आणि चावडीपुढच्या कडुनिंबाला नेऊन बांधलं. बा फार बोलणारा माणूस नव्हता. तिथंच जमिनीवर बसला, एका हातात दोन्ही कासरे. माय वेचणीला गेली नाही, बाजूला उभी राहिली. हळूहळू गाव जमलं. कुणी कामाला जाईना. चावडीच्या ओट्यावर दत्तूभाऊ, अण्णाजी, त्यांची माणसं. आणि झाडाखाली आमचे दोन बैल. अख्ख्या गावातून आणखी एक जनावर आलं नाही.

ऊन चढलं. दत्तूभाऊ मधूनच म्हणायचा, “काऊन वो पंचफुलाबाई, बैलायले अरज भराले आनलं का?” ओट्यावर हशा व्हायचा. माय पदर डोक्यावर घेऊन तशीच उभी. मी रस्त्याकडे बघून बघून डोळे दुखवून घेतले. एक ट्रॅक्टर आला, गेला. एक साबण विकणारा सायकलवाला आला, त्याला बघून दोन पोरं “डाक्टर आला!” म्हणून ओरडली आणि पुन्हा हशा. दुपार झाली. टोळीतल्या बाया एकेक करून उठायला लागल्या. तेवढ्यात तुळसामावशी, तीच तीन दातांची, काठी टेकत मायच्या बाजूला येऊन उभी राहिली. म्हणाली, “तुही ओळ मांगं पडली वो. हात लावतो.” मग दुसरी आली. तिसरी आली. उन्हात बायांची एक रांगच लागली बैलांशेजारी. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

आणि मग धूळ उठली. जुनी मोटरसायकल, मागं दोरीनं बांधलेली बर्फाची पेटी, पुढं घामानं भिजलेला, वैतागलेला जाड माणूस. उतरला आणि इकडेतिकडे बघून ओरडलाच, “क्या गाँव है तुम्हारा? शनिवार को नोटिस लगाया, और जानवर सिर्फ दो?”

तुळसामावशी काठी टेकत त्याच्यापुढं गेली, त्याचा हात धरला आणि त्याला भिंतीजवळ नेलं. “साहेब, हा कागद तुमचा का?”

“हौ अम्मा, मेरा ही है. नीचे मेरी सही है.”

“याच्यात काय लिवलं हाय?”

“गाय-बैल का सुई. तोंडखुरी का. और क्या लिखेंगा मैं?”

माय पहिल्यांदा बोलली. “शीले, वाच.” मी भिंतीजवळ गेले. एकेक ओळ तेलुगुत वाचली, मग मराठीत सांगितली. आणि डॉक्टर, त्याला यातलं काहीच ठाऊक नसलेला तो भला माणूस, प्रत्येक ओळीला “बराबर, बराबर” म्हणत गेला. शेवटच्या ओळीला एक बाई हसली. मग दुसरी. मग जे हसू फुटलं ते आवरेना. लोक गुडघ्यावर हात मारून हसत होते. शनिवारी मला ‘तिचीच पोट्टी’ म्हणणारा म्हातारा डोळे पुसत म्हणाला, “अरे, ढोरायचा कागद बाईच्या नावानं वाचला रे यानं!” ओट्यावर पाहिलं तर दत्तूभाऊचं पानदान होतं, दत्तूभाऊ नव्हता.

मग गाव धावलं! घराघरांतून गुरं सुटली. बैल, गायी, कालवडी, एक चुकार म्हैस, सगळ्यांची चावडीपुढं हीऽऽ गर्दी. शेण, धूळ, घुंगरं, आरडाओरडा, डॉक्टरच्या शिव्या. माणसं शिंगं धरत होती आणि शिंगं धरता-धरता हसत होती. पहिली सुई मात्र राज्या आणि धोंड्याला. बानं कासरा सैल केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “शिकली ते कामी आलं.” बाकी आयुष्यात त्यानं माझं एवढं लांब कौतुक कधी केलं नाही.

गुरुवारचं काय सांगू! सकाळी शाळेपुढं बायांची रांग वेशीपर्यंत. नवी लुगडी नेसून आलेल्या, बोटावरची शाई एकमेकींना दाखवणाऱ्या. तुळसामावशीनं आत जाऊन अधिकाऱ्याला म्हणे विचारलं, “छत्री कोनती ते दिसते मले, पन शिक्का पक्का उमटला का ते पाह्यजो.” दुपारी मतदान संपलं आणि तिथंच मोजणी झाली. छत्रीचा गठ्ठा वाढत गेला, वाढत गेला, आणि शेवटी मोजणीला बसलेल्या आमच्या माणसानं खिडकीतून नुसती मूठ वर केली. गुलाल उडाला. मायला टोळीनं उचललं. ती ओरडत होती, “अवो खाली ठेवा, पडीन मी!” तिला कुणी खाली ठेवलं नाही. आयुष्यात मी पुष्कळ आनंद पाहिले. नोकरी लागली, लेकरं झाली, घर झालं. पण त्या दुपारी जो ऊर भरून आला तसा पुन्हा आला नाही. आम्ही नुसते जिंकलो नव्हतो. आम्ही खरं बोलून जिंकलो होतो, आणि माझा तो झकास शिक्का चुलीत जळाला होता म्हणून जिंकलो होतो. ते कळायला मला थोडे दिवस लागले.

परवाच्या त्या शेजारच्या सुनेला मी एवढंच म्हटलं, “चल, यादी बघून येऊ.” दोघी उन्हातून कचेरीत गेलो. तिचं नाव होतं. गल्लीतल्या सगळ्या बायांची होती. तिनं तिथंच उभं राहून सगळ्यांना कळवलं, स्वतःच्या नावानं. आता बुधवारपर्यंत थांबायला कुणाला वेळ नाही हे मला कळतं. खोटं सकाळी निघतं आणि दुपारपर्यंत जिल्हा पालथा घालतं. पण यादीपर्यंत चालत जायला अजूनही दोन पाय पुरतात. आणि मराठी घरातल्या किती पोरींना मी तेलुगु वाचायला शिकवलं, त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही. त्या गावोगाव आहेत. दत्तूभाऊंचा धंदा आम्ही पार बसवलाय, हे मी छाती पुढं काढून सांगते.

मायचा शपथविधी त्या निकालानंतर काही दिवसांनी झाला. पंचायतीच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, दारात आणि खिडक्यांत टोळी. मंडलच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, कचेरीतून एक साहेब आलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात छापील कागद. अण्णाजीही आले होते, मागच्या रांगेत बसले होते. साहेबांनी मायला उभं राहायला सांगितलं, म्हणाले, “मैं पढ़ता, तुम पीछे-पीछे बोलो.” आणि तेलुगुत पहिली ओळ वाचली.

माय बोलली नाही.

साहेबांना वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा वाचली, मोठ्यानं. माय हात जोडून म्हणाली, “साहेब, रागावू नका. पन त्याच्यात काय लिवलं हाय ते आधी सांगा. मंग म्हनीन.”

खोलीत खसखस पिकली. साहेब चिडले, घड्याळ बघितलं. म्हणाले, सगळे सरपंच असंच म्हणतात, अर्थ कुणी विचारत नाही. “मी इचारतो,” माय म्हणाली. शेवटी त्यांनी कागद माझ्याकडे दिला. मी पहिली ओळ वाचली आणि मराठीत सांगितली: “मी देवाच्या साक्षीनं शपथ घेतो की…”

आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. देवाची शपथ कुणी घेत नाही. मायनं साहेबांना विचारलं, “दुसरं काई नाई का याच्यात?”

साहेबांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला, खालची बारीक अक्षरं बघितली आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. “है. ‘आत्मसाक्षी’ भी लिखा है. जो चाहे वो बोल सकते.” मी म्हटलं, “माय, आपल्या मनाच्या साक्षीनं, असंबी म्हनता येते.”

“कागदात लिवलेलंच हाय ना ते?”

“लिवलेलंच हाय.”

“मंग ते वाच,” माय म्हणाली. तिनं पदर सारखा केला आणि दारातल्या बायांकडे पाहिलं. “अन् हळू वाच, पोरी. साऱ्यायले समजू दे.”